एएफ११७ मिळत नाही, मग जुन्या रेडिओत लावायचं काय?

तुम्ही जे विचारलंय ते आधी एकदा सांगतो म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. वडिलांचा १९६८ च्या आसपासचा तीन बँडचा लाकडी डब्याचा रेडिओ, आधी खरखर करायचा, मग स्टेशन लागायचं आणि टपली मारली की जायचं, शेवटी एकदम मुका झाला. रिपेअरवाल्याने सांगितलं की आयएफचा (म्हणजे स्टेशनचा सिग्नल आत मोठा करणाऱ्या टप्प्याचा) एएफ११७ ट्रान्झिस्टर गेला, तो आता कुठेच मिळत नाही, म्हणून त्याने बीसी५५७ हा दुसरा ट्रान्झिस्टर टाकला. आता फक्त जवळचं जोरदार स्टेशन लागतं आणि बाकी डायलभर शिट्टी. काढलेला ट्रान्झिस्टर त्याने प्लॅस्टिकच्या पुडीत घालून परत दिलाय. आणि तुम्हाला पाहिजे एएफ११७ चा इक्विव्हॅलंट, म्हणजे त्याच्या जागी चालणारा नंबर, शिवाय पुढेमागे स्पीकर चालवणारे आउटपुटचे एसी१२८ गेले तर काय करायचं तेही.

पहिली गोष्ट, ती पुडी फेकली नसेल तर जपून ठेवा. इक्विव्हॅलंट शोधायच्या आधी तो जुनाच एएफ११७ बघू, कारण माझ्या अंदाजाने तो मेलेला नाहीये.

एएफ११४, ११५, ११६, ११७ ही भावंडं एका उभट पत्र्याच्या डबीत येतात आणि त्यांना चार पाय असतात. एमिटर, बेस, शील्ड आणि जरा लांब ठेवलेला कलेक्टर, याच ओळीने. शील्ड म्हणजे ती बाहेरची डबी, आतल्या ट्रान्झिस्टरशी तिचा काही संबंध नसतो, ती फक्त अर्थला जोडलेली. आता गंमत अशी की डबीला आतून कथलाचा मुलामा असतो, आणि त्या कथलाला वर्षानुवर्षात केसापेक्षा बारीक मिशा फुटतात, अक्षरशः वाढतात. त्यातली एखादी आतल्या तारेला टेकली की कलेक्टर किंवा बेस थेट अर्थ. म्हणूनच टपली मारली की तुमचं स्टेशन यायचं जायचं, मिशी हलत होती. या ट्रान्झिस्टरचा हा जगभरचा रोग आहे, न वापरलेला नवाकोरा डब्यातला माल घेतला तरी मिशा बहुधा असतातच, त्यामुळे ‘नवा’ एएफ११७ शोधण्यात अर्थ नाही हेही लगेच सांगून टाकतो.

तपासायचं कसं, तर पुडीतला घ्या, मीटर मोठ्यात मोठ्या ओहम रेंजवर ठेवा, एक टोक शील्डच्या पायाला आणि दुसरं बाकी तिघांना आलटून पालटून. काहीच दाखवायला नको. कुठेही आकडा दिसला तर मिशी आहे. मग मीटर डायोड रेंजवर आणा, हा पीएनपी जातीचा आहे (एनपीएन असता तर पिना उलट) म्हणून काळी पिन बेसला, लाल आधी एमिटरला मग कलेक्टरला. दोन्हीकडे ०.२ ते ०.३५ च्या आसपास आलं आणि पिना उलट्या केल्यावर काही नाही आलं तर आतला जीव शाबूत आहे. अशा वेळी शील्डचा पाय कापून टाका, किंवा बोर्डावरून तेवढाच एक सोडवून हवेत ठेवा, आणि बाकीचे तीन परत लावा. मिशी एकाच तारेला टेकली असेल तर डबी अर्थपासून सुटली की शॉर्टचा प्रश्नच मिटतो. मीडियम वेव्हला शील्ड नसल्याने मला तरी फारसा फरक जाणवलेला नाही. दोन तारांना दोन मिशा टेकल्या असतील तर मात्र हे चालत नाही, तिथे लोक एमिटर-बेस-कलेक्टर एकत्र पिळतात आणि ते टोक व शील्ड यांच्यात ३० व्होल्टला चार्ज केलेला ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सोडतात, मिशी जळून जाते. मीही केलंय, बऱ्याचदा जमतं, पण काही महिन्यांनी परत नवी मिशी येऊ शकते. म्हणून मला पाय कापणंच जास्त आवडतं.

आता बीसी५५७ ने शिट्टी का मारली. खरं सांगायचं तर मी आधी ट्रान्झिस्टरकडे बघणारच नाही, सप्लायवरचा तो १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बघेन. पन्नास वर्षांत तो सुकतो आणि सुकला की सगळ्या स्टेज सप्लायच्या तारेतून एकमेकींशी बोलायला लागतात, मग शिट्टी नाहीतर फटफटीसारखा फट-फट-फट आवाज. त्याच्यावर समांतर एक नवा कंडेन्सर नुसता टेकवून बघा, पोलॅरिटी सांभाळून, या सेटमध्ये चेसिस बहुतेक प्लस असतो हे लक्षात ठेवा नाहीतर उलटा लावाल. शिट्टी बंद झाली तर बिचाऱ्या बीसी५५७ चा त्यात दोष नव्हता.

पण दोष असूही शकतो, आणि त्याची कारणं दोन. एक म्हणजे एएफ११७ बनवतानाच कलेक्टर आणि बेस यांच्यातली कपॅसिटन्स मुद्दाम अगदी कमी ठेवलेली होती, जेणेकरून आउटपुट परत इनपुटला चिकटू नये. बीसी५५७ हा ऑडिओचा सामान्य माणूस, त्याची ती कपॅसिटन्स जास्त, वर शील्ड नाही, त्यामुळे आयएफला तो स्वतःच ऑसिलेटर होऊन बसतो, म्हणजे आपोआप शिट्टी मारायला लागतो. दुसरं कारण बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर जागा राहावा म्हणून बेसला कायम दिलेले व्होल्ट, आणि हेच मुळात समजून घ्यायचं आहे बरं का, कारण जर्मेनियमच्या (तुमचा एएफ११७ त्यातलाच) जागी सिलिकॉन (बीसी५५७ सारखा) लावून ‘चालत नाही’ म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांनी इथेच माती खाल्लेली असते.

जर्मेनियमचा बेस-एमिटर ०.२ व्होल्टला चालू होतो, सिलिकॉनला ०.६५ लागतात. एवढंच. पण हा एवढा फरक काय करतो ते बघा. समजा दुसऱ्या आयएफ स्टेजला ६ व्होल्टचा सप्लाय आहे, बेसपासून मायनसकडे ३९ के (के म्हणजे किलोओहम), बेसपासून प्लसकडे ८.२ के, आणि एमिटरला ६८० ओहम. बेसवर येतात साधारण १.०४ व्होल्ट. जर्मेनियमचे ०.२ वजा केले, एमिटर रेझिस्टन्सवर राहिले ०.८४, म्हणजे करंट सव्वा मिलीअँप, झकास. आता त्याच जागी सिलिकॉन टाका, १.०४ मधून ०.६५ गेले, राहिले ०.३९, करंट अर्ध्या मिलीअँपच्या जरासा वर. निम्म्याहून कमी. सेल नवे असताना कसंबसं चालेल, सेल जरा उतरले की झोपलं. उपाय काय, तर बेस वर उचलायचा, १.५ व्होल्टपर्यंत. त्यासाठी ३९ के चा २५ के करावा लागतो, आणि ते करायला जुनं काही काढायची गरज नाही, त्या ३९ के च्या डोक्यावर समांतर एक ६८ के सोल्डर करा, दोन्ही मिळून २४.८ के होतात. झालं काम. तुमच्या सेटमधले आकडे वेगळे असतील, हिशोब हाच. एमिटर रेझिस्टन्सवर मीटर लावून पूर्वी जेवढे व्होल्ट असायला हवे होते तेवढे आले की बायस बरोबर. सर्किट मिळत नसेल तर एक मिलीअँपच्या आसपास ठेवा, छोट्या स्टेजला बहुतेक ठिकाणी चालून जातं.

पहिल्या आयएफ स्टेजला मात्र हा खेळ सरळ लागत नाही, कारण तिचा बेस एव्हीसीच्या (जोरदार स्टेशन आपोआप दाबणाऱ्या) तारेवर असतो आणि ती तार डिटेक्टरवरून (सिग्नलमधून आवाज वेगळा करणाऱ्या भागावरून) येते, तिथे रेझिस्टन्स बदलला की एव्हीसी बिघडतो, जोरदार स्टेशन फाटायला लागतं. त्या जागी मी शक्यतो जर्मेनियमच शोधतो.

आयएफला सिलिकॉनच टाकायचा झाला तर बीसी५५७ नको, बीएफ४५० घ्या, पीएनपी आहे, आरएफसाठीच (रेडिओच्या उंच फ्रिक्वेन्सीसाठी) बनवलेला. तोही नाही मिळाला तर २एन३९०६ आणि बेसच्या वाटेत ४७ ते १०० ओहमचा एक रेझिस्टन्स. नवे ट्रान्झिस्टर इतके चपळ असतात की जुन्या लांबलचक तारांच्या बोर्डावर भलत्याच फ्रिक्वेन्सीला नाचायला लागतात, तो रेझिस्टन्स म्हणजे त्यांच्या पायातला लोढणा.

आता इक्विव्हॅलंट नंबर. नंबर जुळवत बसू नका, त्या जागी तो ट्रान्झिस्टर काय नोकरी करतोय ते बघा. नंबरातच अर्धं उत्तर असतं. युरोपियन पद्धतीत पहिलं अक्षर ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. दुसरं अक्षर सी म्हणजे ऑडिओ, डी म्हणजे ऑडिओ पॉवर, एफ म्हणजे आरएफ. त्यामुळे एसी१२८ जर्मेनियम ऑडिओ, एएफ११७ जर्मेनियम आरएफ, बीएफ१९४ सिलिकॉन आरएफ. त्याच्याही आधीचे ओसी४४, ओसी७१ वगैरे हे व्हॉल्व्हच्या काळच्या नामकरणातले, ओ म्हणजे फिलामेंट नाही आणि सी म्हणजे ट्रायोड. जपानी सेट असेल तर २एसए पीएनपी आरएफ, २एसबी पीएनपी ऑडिओ, २एससी आणि २एसडी हे त्यांचेच एनपीएन भाऊ. आपल्याकडे बंगलोरच्या बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) १९६२ पासून जर्मेनियमचा माल काढायला सुरुवात केली, आणि नंबर युरोपियनच ठेवले, त्यामुळे देशी सेट उघडला तरी हीच सगळी मंडळी भेटतात.

नोकरी कळली की पाच गोष्टी बघायच्या: पीएनपी की एनपीएन, आरएफ की ऑडिओ, व्होल्ट किती सोसतो, करंट किती, आणि पायांची ओळ. गेन (करंट किती पट मोठा करतो ते) थोडाफार इकडेतिकडे असला तरी जुनी सर्किटं चालवून घेतात, ट्रान्झिस्टरच एकसारखे निघायचे नाहीत त्यामुळे डिझाइनवाल्याने तेवढी ढील दिलेलीच असायची.

तुमच्या एएफ११७ ला सगळ्यात सरळ बदली म्हणजे एएफ१२७. तोच स्वभाव, छोटी डबी, मिशांचा त्रास सहसा नाही. एएफ११४, ११५, ११६ ला अनुक्रमे एएफ१२४, १२५, १२६. रशियन पी४०३ किंवा जीटी३०८ ही छान चालतात आणि जुना साठा अजून मिळतो, रशियन लोकांनी काय पोत्याने बनवून ठेवलेत कोण जाणे. ऑडिओला ओसी७१ च्या जागी एसी१२५ किंवा एसी१२६, रशियनमध्ये एमपी४१. आउटपुटला एसी१२८ च्या जागी एसी१८८ किंवा जीटी४०२. एनपीएन एसी१२७ च्या जागी एसी१८७ किंवा जीटी४०४. ओसी७२ च्या जोडीला एसी१२८ ची जोडी चालते पण बायस परत बघायला लागतो.

ओसी४५ च्या (आयएफचाच, पण त्याहून जुना) जागी एएफ११७ किंवा १२७ टाकणारे एक विसरतात. ओसी४५ ची आतली कपॅसिटन्स मोठी, म्हणून त्या काळच्या सेटमध्ये आयएफटीवरून (आयएफच्या ट्रान्सफॉर्मरवरून) बेसला एक छोटा न्यूट्रलायझिंग कंडेन्सर उलट फीडबॅक द्यायला लावलेला असतो. नव्या ट्रान्झिस्टरला त्याची गरज नाही, उलट त्या कंडेन्सरमुळेच शिट्टी येते. त्याचा एक पाय सोडवा, शांत होईल.

बाजारातून आणलेला जर्मेनियम न मोजता लावू नका, आणि त्या चारपाचशे रुपयांच्या चायनीज टेस्टरच्या गेनवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. जर्मेनियमला लीकेज असतं, बेस मोकळा असला तरी कलेक्टरमधून करंट वाहतोच, आणि टेस्टर तोही गेनमध्ये धरतो, म्हणजे जितका सडका ट्रान्झिस्टर तितका गेन भारी. घरच्या घरी मोजायची रीत अशी: ९ व्होल्टची बॅटरी घ्या, पीएनपीचा एमिटर प्लसला, कलेक्टर २.४ के च्या रेझिस्टन्समधून मायनसला. बेस मोकळा ठेवा. त्या २.४ के वर मीटर लावा. परवा मी एक एसी१२६ मोजला, ०.३५ व्होल्ट आले, म्हणजे लीकेज साधारण १४५ मायक्रोअँप. मग बेसला २.२ मेगचा रेझिस्टन्स लावून मायनसला जोडला, बेसमध्ये साधारण ४ मायक्रोअँप जातात, मीटर चढून १.१५ वर आला. फरक ०.८०, गुणिले शंभर, गेन ८०. उत्तम नग. टेस्टर त्याच नगाला सव्वाशेच्या वर दाखवत होता. एक मात्र, ट्रान्झिस्टर चिमटीत धरून मोजू नका, बोटाच्या उबेने आकडा डोळ्यांदेखत चढतो. लावून दोन मिनिटं तसाच राहू द्या. १ व्होल्टच्या वर लीकेज दाखवणारा नग मी छोट्या स्टेजला वापरत नाही, आणि बेस मोकळा असताना आकडा थांबतच नसेल, सरकतच असेल, तर तो सरळ कचऱ्यात.

आणि हो, ओसी७१ सारखे काचेचे काळ्या रंगाचे असतील तर नंबर दिसावा म्हणून खरवडू नका. रंग गेला की आत उजेड जातो आणि ट्रान्झिस्टर उजेडाला प्रतिसाद द्यायला लागतो, ट्यूबलाइटखाली गुंss आवाज येतो. लाल ठिपका असतो ती बाजू कलेक्टरची.

आता आउटपुट जोडी, तुमचा दुसरा प्रश्न. इथे नियम सोपा, एक गेला तरी दोन्ही बदला, गेन आणि लीकेज जुळवून. आणि जर्मेनियमच्या जागी इथे सिलिकॉन नुसता ठोकू नका, ०.२ साठी केलेल्या बायसवर सिलिकॉन अर्धवट झोपलेला राहतो आणि हळू आवाजात बोलणं घशात अडकल्यासारखं, फाटकं येतं. याच्या उलट केलं तर त्याहून वाईट, सिलिकॉनच्या बायसवर जर्मेनियम बसवला तर तो तापून मरतो.

तापून मरणं म्हणजे काय ते मी सुरुवातीच्या काळात स्वतः केलंय. सोलापूरला काकांच्या पत्र्याच्या खोलीत बसून एका गिऱ्हाइकाच्या सेटला एसी१२८ ची जोडी टाकली, सकाळची वेळ, बायसचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टन्स) मीटर न लावता कानानेच फिरवून आवाज गोड केला, मोठा शहाणा. मे महिना. दुपारी गिऱ्हाईक यायच्या आधी सेट चालू करून ठेवला, तासाभरात आवाज बसायला लागला, हात लावला तर ट्रान्झिस्टरवर बोट ठेवता येईना, आणि सेल पार गळून गेलेले. जर्मेनियमचं लीकेज दर दहाएक अंशाला दुप्पट होतं, लीकेज वाढलं की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो, आणि हे चक्र सुरू झालं की थांबत नाही. नवीन जोडी माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून प्रीसेट कमीत कमी करंटला ठेवून सुरुवात करतो, जोडीच्या कलेक्टरच्या सप्लायमध्ये मिलीअँप मीटर घालतो, आणि आवाज शून्य असताना दोघांचे मिळून ३-४ मिलीअँप आले की हात काढून घेतो. बायसमध्ये एक थर्मिस्टर असतो (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा), बहुतेक आउटपुट ट्रान्झिस्टरच्या अगदी शेजारी, त्याला साधा रेझिस्टन्स समजून बदलू नका, तोच उन्हाळ्यात सेट वाचवतो. एसी१२८ ला डबीवर पत्र्याची क्लिप असेल तर ती परत चढवा.

पुढच्या काळातला सिलिकॉनचा सेट असेल तर काळजीच नाही. बीसी१४८ ला बीसी५४८, बीसी१४९ ला ५४९, बीसी१५८ ला ५५८, बीएफ१९४ ला बीएफ४९४. फक्त पाय बघून लावा. बीसी५४८ चा मधला पाय बेस आणि बीएफ४९४ चा मधला पाय एमिटर, एकाचं तोंड दुसऱ्याच्या जागी नेहमीच्या सवयीने घातलं की रेडिओ बंद, आणि जपान्यांच्या २एसए१०१५ मध्ये मधला चक्क कलेक्टर.

माल कुठून आणायचा, तर पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, जुन्या दुकानदारांच्या खणात अजून एसी१२७-१२८ निघतात, पण विचारायला लागतं, दर्शनी काउंटरवर नसतात. त्याहून बरं म्हणजे बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फुटक्या डब्याचा रेडिओ भंगारच्या भावात उचलायचा, त्यात सहा-सात जर्मेनियम, आयएफटी, गँग (स्टेशन लावायचा कंडेन्सर), ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर सगळंच येतं. ऑनलाइन घेताना सांभाळा, एसी१२८ छापलेल्या डबीत सिलिकॉन निघालेला मी पाहिलाय. डायोड रेंजवर ०.६ च्या वर दाखवलं की समजायचं, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा.

तर तुमच्या सेटला आता असं करा. आधी सप्लायचा इलेक्ट्रोलिटिक, नवा. मग बीसी५५७ काढा, पुडीतला एएफ११७ मोजा, शील्डचा पाय कापून परत बसवा, पाय लांब ठेवा आणि सोल्डर करताना चिमट्याने धरा म्हणजे उष्णता वर जाणार नाही. आयएफटीच्या स्क्रूला हात लावू नका, रिपेअरवाल्याने फिरवले नसतील तर ते आयएफच्या फ्रिक्वेन्सीवर (बहुतेक ४५५ किलोहर्ट्झ) बरोबरच असतील, आणि फिरवले असतील तर सिग्नल जनरेटरशिवाय आपण आणखी बिघडवणार. सेट चालू ठेवून व्हॉल्यूम अगदी कमी करा आणि सेलचा एकूण करंट मोजा, दहा-पंधरा मिलीअँपच्या आत असला तर आउटपुटचे एसी१२८ ठणठणीत आहेत, त्यांना उगाच बदलू नका. तिसाच्या पुढे असला तर सेट लगेच बंद करा आणि दोन्ही आउटपुटच्या कलेक्टर आणि एमिटरचे व्होल्ट, एमिटरला रेझिस्टन्स किती ओहमचा आहे ते, आणि थर्मिस्टरच्या आजूबाजूचा बोर्डाचा फोटो पाठवा.